कच्च्या तेलातले जिवाणू: हात घालण्याआधी

कच्च्या तेलाच्या नमुन्याची बाटली गोव्यात दोनापावलाच्या प्रयोगशाळेत पोचली की लगेच डीएनए काढायला बसू नकोस. नमुना विहिरीच्या तोंडावरचा, सेपरेटरमधला (तेल, पाणी, वायू वेगळे करणाऱ्या टाकीतला) की साठवण टाकीतला, ते आधी विचार. जमिनीखालच्या तेलसाठ्यात सोडलेल्या समुद्राच्या पाण्यातले आणि पाइपात वाढलेले जिवाणू वाटेत मिसळतात. पावसाळ्याच्या तोंडावर आपल्या किनाऱ्यांवर येणारे डांबरगोळे तर वेगळंच प्रकरण. त्यांवर समुद्रातले जिवाणू बसतात, त्यावरून तेलसाठ्याबद्दल बोलायला जाऊ नये.

तेलातलं पाणी मात्र फेकू नकोस, जिवाणू मुख्यतः तिथेच राहतात. त्रिनिदादच्या डांबर तलावातल्या १ ते ३ मायक्रोलिटरच्या पाण्याच्या थेंबांतही जिवाणूंची वस्ती सापडली होती (२०१४).

खरी डोकेदुखी पुढे आहे: पेशी मोजक्या, आणि तेलातली द्रव्यं पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) अडवतात. आयसोऑक्टेन या द्रावकाने तेल पातळ कर, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरव, तळाला बसलेलं घे. सोबत तेल न घातलेला कोरा नमुना चालवायचाच, कंटाळा आला तरी. डीएनए काढायच्या किटमध्येही परके डीएनए असतात. सापडलेल्या जिवाणूंच्या यादीत क्युटिबॅक्टेरियम दिसला तर बहुधा तो कुणाच्या तरी कातडीवरचा. अल्कॅनिव्होरॅक्स या तेलखाऊ जिवाणूला प्राणवायू लागतो, त्यामुळे तो खोल साठ्यातला म्हणताना दहादा विचार कर. सल्फेटखाऊ जिवाणू मिळाले तर गोष्ट रंगते: ते हायड्रोजन सल्फाइड बनवतात, तेल ‘आंबट’ होतं (म्हणजे त्यात हा वायू वाढतो), पाइप गंजतात.

विहिरीचं तापमान आणि हा आंबटपणा रोखायला नायट्रेट किंवा जिवाणूनाशक वापरलं का, हे मात्र नमुना पाठवणाऱ्यांकडून लिहून घे. ८० अंश सेल्सिअसच्या वरच्या साठ्यात फारसं काही जगत नाही.