सासिकाया: फडताळातली बाटली आणि जुने लेबल

प्रश्न: जावयाने इटलीहून सासिकाया या लाल वाइनची २०१६ची, म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांची, बाटली आणली. पुण्यात स्वयंपाकघराच्या फडताळात उभी आहे. वर्षभर तशीच राहू द्यावी का? उघडताना काय सांभाळावे?

उत्तर: फडताळातून ती आजच काढा. या वाइनला १२ ते १४ अंश तापमान मानवते. उन्हाळ्यात बाटली तापली की आतली वाइन फुगते, बूच वर ढकलते आणि गार झाल्यावर त्याच फटीतून हवा आत ओढली जाते. मानेवरून बोट फिरवून पाहा. बूच काचेच्या काठावर आलेले जाणवले किंवा चिकट ओघळ दिसला, तर याच आठवड्यात उघडा. तसे काही नसेल तर बूच ओले राहावे म्हणून बाटली आडवी ठेवा. घरचा फ्रिज तीन-चार महिन्यांपुरता ठीक. पुढे तिथल्या कोरड्या हवेने बूच आक्रसते. वर्षभर ठेवायची तर वाइनचा वेगळा फ्रिजच हवा. त्यात २०१६ आणखी पंधरा-वीस वर्षे सहज टिकेल.

उघडण्याच्या आदल्या दिवशी बाटली उभी करा, गाळ तळाशी बसतो. हा गाळ म्हणजे तुरट द्रव्ये आणि रंग यांचे एकत्र जमलेले कण. तो दोष नव्हे. वाइन 'खोलीच्या तापमानाला' प्यावी म्हणतात, ते युरोपातल्या थंड घरांसाठी. आपल्याकडे ३० अंशांना अल्कोहोल नाकात जाते आणि फळाचा गंध हरवतो. १६ ते १८ अंश धरा.

बूच काढल्यावर आधी वास घ्या. ओल्या पुठ्ठ्यासारखा कुबट वास आला तर दोष बुचातून उतरला आहे, हवा दिल्याने तो जात नाही. वास स्वच्छ असेल तर रुंद तळाच्या काचेच्या सुरईत हळूहळू ओता. मानेखाली बॅटरीचा उजेड धरा. गाळाची काळी रेघ खांद्याशी आली की थांबा. दोनेक तास हवा द्या. सोबत साधे भाजलेले मटण ठेवा, झणझणीत रस्सा नको. तिखटाने तुरटपणा जिभेला बोचू लागतो.

प्रश्न: मिलानमध्ये १९८५च्या सासिकायाच्या लेबलावर 'विनो दा तावोला', म्हणजे साधी जेवणातली वाइन, असे वाचले. ती हलकी होती का?

उत्तर: मुळीच नाही, १९८५ तर या मळ्याच्या सर्वोत्तम वर्षांपैकी एक. अडचण कायद्याची होती. इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या बोल्गेरी गावाजवळ तेनुता सान ग्वीदो या मळ्यात मारिओ इंचिसा देल्ला रोकेत्ता यांनी १९४४मध्ये काबेर्ने सोव्हिन्यों आणि काबेर्ने फ्रां या फ्रेंच जातींच्या वेली लावल्या. जमीन गोट्यांची; 'सासो' म्हणजे दगड, नाव त्यावरूनच. बाजारात आलेले पहिले वर्ष १९६८चे. बोल्गेरीला १९८३मध्ये दर्जाची मोहोर मिळाली, पण फक्त पांढऱ्या आणि गुलाबी वाइनसाठी. लाल वाइन कितीही चांगली असली तरी तिला सर्वांत खालचेच नाव लावावे लागे. १९९४मध्ये नियम बदलला आणि सासिकायाला स्वतःचे नाव दर्जासह मिळाले. घडण मात्र तीच राहिली: साधारण ८५ टक्के सोव्हिन्यों, १५ टक्के फ्रां आणि फ्रेंच ओकच्या २२५ लिटरच्या पिंपांत सुमारे दोन वर्षे.