वही कोरी राहिली तरी चालेल

प्रश्न : माझं वय ६३. मागच्या दिवाळीनंतर हे गेले. लेक बंगळूरला असते. तिनं एक सुंदर वही पाठवली आणि बजावलं, 'आई, ज्यांचे आभार मानावेसे वाटतात अशा तीन गोष्टी रोज रात्री लिही.' मी लिहिते : तब्येत, घर, लेक-जावई. दुसऱ्या दिवशी परत तेच. आता वही उघडली की आपण खोटं बोलतोय असं वाटतं. वसंत आला म्हणतात, मला तर नुसतं ऊन वाढलेलं दिसतं. या दिवसांत हे ठेल्यावरून हरभऱ्याची जुडी आणायचे आणि ओट्यावर सोलत बसायचे. यंदा ठेलेवाला हाका मारत जातो, मी दारच उघडत नाही. काय लिहू?
– एक वाचक, सुदामानगर, इंदूर

उत्तर : ताई, आधी एक सांगते. ज्या दिवशी काही सुचणार नाही, त्या दिवशी पान कोरं सोडा. तुमचं वर्षही अजून सरलेलं नाही. लेक समजून घेईल.

तब्येतीचे आभार मानायचे म्हटलं तर ते कुणापुढे? समोर कुणी नसलं की आभार मनाला लागत नाहीत, म्हणून ते खोटे वाटतात. तेव्हा वस्तू लिहू नका. ती तुमच्यापर्यंत आणून पोचवणारं माणूस लिहा. नाव माहीत नसलं तरी चालेल.

नळाचंच घ्या. माझं लहानपण रामबागेत गेलं. ऊन चढायला लागलं की आईच्या कपाळावर आठी यायची, कारण विहिरीचं पाणी तळाला जायचं आणि बायका भांडी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या. नर्मदा इंदुरात आणा म्हणून १९७० साली या गावानं मोठं आंदोलन केलं. पोरं कॉलेज सोडून रस्त्यावर बसली होती. मग १९७८ साली पाणी आलं. मंडलेश्वरजवळच्या जलूदहून, सत्तरेक किलोमीटर लांबून, विंध्याचा चढ चढवून ते आणावं लागतं. आपण झोपलेल्या असतो तेव्हा तिथे पंपावर कुणीतरी रात्रपाळीला जागं असतं. मार्चमध्ये टाकी भरल्याचा आवाज आला की मला त्या माणसाची आठवण येते, आणि त्या रस्त्यावर बसलेल्या पोरांचीही. ती आता माझ्याहून म्हातारी असतील.

रंगपंचमीचंही तसंच. गेर, म्हणजे रंग उधळत निघणारी मिरवणूक, बघायला राजवाड्यावर लाखो लोक जमतात. टँकरमधून रंगाचे फवारे तिसऱ्या मजल्यापर्यंत उडतात, सगळा रस्ता गुलालानं भरून जातो. लोक पांगले की झाडू घेतलेल्या बायका आणि पाण्याच्या गाड्या येतात आणि काही तासांत रस्ता धुऊन मोकळा होतो. २०१७ पासून इंदूर स्वच्छतेत पहिलं म्हणून आपण अभिमानानं सांगतो, पण त्या दिवशी त्या बायकांच्या घरी पुरणाचा घाट कधी घातला जात असेल? यंदा गल्लीत झाडायला येणारीला घरात बसवून चहा द्या आणि तिचं नाव विचारून घ्या. वहीत तेवढंच लिहिलं तरी पान भरलं.

आता हरभऱ्याची जुडी. इथे तिला छोड म्हणतात, तुम्हाला सांगायला नको. दार उघडा, ताई. जुडी हातात घेतली की बोटं जरा चिकट होतात, आणि ती बोटं जिभेला लावली की खारट-आंबट लागतं. ती आंब. हरभऱ्याच्या पानांवर, घाट्यांवर बारीक लव असते, तिच्यातून ते आम्ल झिरपतं. पूर्वी शेतात रात्री पिकावर धडपं पसरून दवाबरोबर ही आंब टिपून घेत आणि पोटदुखीवर देत. सोलताना घाटा अंगठ्यानं दाबला की फट् करून फुटतो. आत कधी एक दाणा, कधी दोन, आणि एखादा नुसताच पोकळ. तुमच्या ह्यांनी इतकी वर्षं ओट्यावर बसून हेच केलं. ते दाणे तुम्ही कशात घालत होता? भातात, की उसळ करत होता? त्यांचे आभार मानायचे राहून गेले असतील तर ते आत्ता लिहा. सोलून झाल्यावर, बोटं धुवायच्या आधी लिहा. रडू आलं तर येऊ द्या.

अख्खी जुडी एकटीला संपणार नाही. निम्मी शेजारी द्या, किंवा होळीच्या विस्तवात भाजायला पोरांच्या हाती द्या. माळव्यात गव्हाच्या ओंब्यांबरोबर ती भाजतातच.

आणखी एक, तुम्ही विचारलं नाहीत तरी सांगते. चैत्र शुद्ध तृतीयेला आपली गौर बसते आणि त्याच दिवशी शेजारच्या निमाडी-मारवाडी घरांत गणगौर असते. यंदा गौर मांडा. डाळ-पन्ह्याला सगळ्या बायकांना बोलावा. 'तुमच्याकडे कसं हळदीकुंकू?' असं कुणी म्हणालं तर त्यांच्या हातात डाळीची वाटी ठेवा. गौर घरात आणायला आणि डाळ वाटायला नवरा हयात असावा लागतो, हे मला मुळीच पटत नाही. मी माझ्या आईलाही हे पटू दिलं नाही.

प्रश्न : मुलांना रासायनिक रंग द्यायचे नाहीत. पळसाचा रंग घरी होतो का?
– एक वाचक, राऊ

उत्तर : सहज होतो. सिमरोलच्या घाटात सध्या पळसाला एक पान नाही, नुसती फुलं आहेत. झाडाखाली पडलेलीच वेचा, फांद्या ओरबाडू नका. मैना आणि शिंजिर त्या मधावर असतात. फुलं रात्रभर पाण्यात भिजवा, किंवा सुकलेली असतील तर उकळी आणून झाकून ठेवा. सकाळी फडक्यानं गाळा. केशरी-पिवळा रंग येतो. बाजारातल्या रंगाइतका भडक नसतो आणि उन्हात लवकर उडतो. मुलांना हे आधीच सांगा, म्हणजे हिरमुसणार नाहीत. फुलं वेचायला मात्र त्यांना बरोबर न्या.

प्रश्न : पन्ह्याला कैरी उकडावी की भाजावी? सासूबाई उकडतात, शेजारच्या भाभी भाजतात.
– एक वाचक, लोकमान्यनगर, इंदूर

उत्तर : गौरीच्या पन्ह्याला उकडलेली. गर मऊ निघतो, गूळ-वेलची चांगली मुरते. वैशाखात उन्हातून कुणी आलं की भाभींसारखी भाजलेली, त्यात भाजलेलं जिरं, काळं मीठ आणि पुदिना. दोघींकडूनही शिकून घ्या.