मऊ टाळू उचलणाऱ्या तारेच्या स्प्रिंगचा जोर आणि बोलताना नाकातून जाणारी हवा, दोन्ही कसं मोजायचं?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा, की ज्यांचा मऊ टाळू पुरेसा लांब आहे पण नीट हलत नाही अशांसाठी तुम्ही ऑर्थोडॉन्टिक वायरच्या (दात सरळ करायला वापरतात त्या तारेच्या) स्प्रिंगवर बसवलेलं पॅलेटल लिफ्ट, म्हणजे तोंडात बसवून मऊ टाळू वर उचलून धरणारं उपकरण, बनवताय, आणि स्प्रिंग किती जोर लावते आणि त्याने नाकातून निसटणारी हवा खरंच कमी होते का, हे दोन्ही आकड्यांत दाखवायचंय. मी अशाच मोजमापाचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा, नुसता एक आकडा दोन्हीकडे उपयोगाचा नाही. स्प्रिंगचा जोर मोजला तर ती तेव्हा किती मिलिमीटर वाकली होती तेही हवं, आणि नाकातली हवा मोजली तर तेव्हा तोंडात प्रेशर किती होतं तेही हवं.

स्प्रिंगचं बघू. एका टोकाला घट्ट धरलेली सरळ तार असेल तर तिचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो आणि लांबीच्या तिसऱ्या घाताने कमी होतो. ०.९ मिमी स्टेनलेस स्टीलची तार २० मिमी मोकळी ठेवली तर हिशोबाने दर मिलिमीटरला साधारण २२० ग्रॅम जोर येतो, तीच तार ३० मिमी ठेवली की ६५ ग्रॅमच्या आसपास. म्हणजे उपकरणाच्या अॅक्रिलिकच्या (प्लॅस्टिकच्या) भागातून तार कुठे बाहेर येते त्यात थोडा जरी फरक पडला तरी सगळं गणित बदलतं, म्हणून ती जागा प्रत्येक नमुन्यात मोजून लिहून ठेवा. लूप टाकला की तार लांब होते आणि मऊ पडते, पण लूपसाठी सूत्र लावत बसण्यापेक्षा सरळ मशीनवर टेस्ट करा.

युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन (नमुना ठरावीक अंतर दाबून किंवा ओढून जोर मोजणारं यंत्र) असेल तर लोड सेल, म्हणजे त्यातला जोर मोजणारा सेन्सर, छोटा लावा, १० न्यूटनचा पुरे, मोठ्या सेलवर एवढा लहान जोर नॉइजमध्येच हरवतो. मशीन नसेल तर मायक्रोमीटरची स्लाइड आणि खाली डिजिटल वजनकाटा यावरही चांगलं काम होतं, फक्त आधी माहीत असलेली वजनं ठेवून काटा तपासा. आणि स्प्रिंग वाकवत नेताना जेवढं लक्ष देता त्याहून जास्त ती सुटून परत येताना द्या! निकेल टायटॅनियम वापरत असाल तर हे फारच महत्त्वाचं, कारण त्या तारेची वाकवतानाची आणि सुटतानाची रेघ वेगळी असते, सुटतानाचा जोर कमी भरतो, शिवाय ती तापमानाने बदलते, म्हणून टेस्ट ३७ अंशांच्या पाण्यात घ्या. स्टीलला तापमानाचा एवढा फरक पडत नाही पण ती कायमची वाकू शकते. माणूस दिवसात शेकडो वेळा गिळतो आणि दर वेळी स्प्रिंग हलते, म्हणून स्प्रिंग भरपूर वेळा दाबून सोडून मग शून्यावर परत येते का ते बघा.

आता नाकाची हवा. यासाठी न्यूमोटॅकोग्राफ लागतो, म्हणजे हवा एका बारीक अडथळ्यातून जाते आणि अडथळ्याच्या दोन बाजूंच्या प्रेशरमधल्या फरकावरून फ्लो काढतात. नेझोमीटरने हे होणार नाही, ते नाकातल्या आणि तोंडातल्या आवाजाचं प्रमाण सांगतं, हवेचं नाही. वॉरेन आणि ड्युबॉइस यांनी १९६४ मध्ये मांडलेली पद्धत अजून वापरतात: ओठांमागे एक बारीक नळी, एका नाकपुडीत बुचासकट दुसरी नळी, या दोन्हींतला प्रेशरचा फरक घ्यायचा, आणि दुसऱ्या नाकपुडीतून फ्लो. फ्लोला ०.६५ आणि प्रेशरच्या फरकाची दुप्पट भागिले हवेची घनता याच्या वर्गमुळाच्या गुणाकाराने भागलं की टाळूमागच्या फटीचं क्षेत्रफळ मिळतं. उदाहरणार्थ फरक ६ सेमी पाण्याएवढा आणि फ्लो सेकंदाला १०० मिली असेल तर फट साधारण साडेचार-पाच चौरस मिमी येते, एवढी बहुतेक चालून जाते, २० च्या वर गेली की बोलण्यावर परिणाम स्पष्ट दिसतो.

प्रेशर का हवं ते आता लक्षात येईल. नाक चोंदलेलं असेल किंवा माणूस हळू बोलत असेल तर फ्लो आपोआप कमी येतो आणि तुम्हाला वाटतं लिफ्टचा गुण आला. तसं काही झालेलं नसतं.

म्हणायला ‘चंपा’ सारखा शब्द घ्या. ‘म’ला फ्लोची रेघ वर चढते, ओठ तसेच मिटलेले असताना टाळूने नाकाची वाट बंद करायची असते, आणि ‘प’ला रेघ जवळजवळ शून्यावर यायला हवी. टाळू हलत नसेल तर ‘प’च्या वेळी तोंडातलं प्रेशर चढताना नाकातला फ्लोही चालूच राहतो, तिथलीच प्रेशर आणि फ्लोची जोडी गणितात घ्यायची. हा सगळा प्रकार सेकंदाच्या छोट्या तुकड्यात होतो, त्यामुळे हळू रिस्पॉन्स देणारा स्वस्त सेन्सर घेऊ नका. फ्लोचं कॅलिब्रेशन रोटामीटरवर (हवेचा फ्लो दाखवणाऱ्या उभ्या नळीच्या मीटरवर) करा, नळीत ओल धरली की रीडिंग सरकतं म्हणून मधेमधे शून्य तपासत राहा.

माणसांवर टेस्ट आहे त्यामुळे एथिक्स कमिटीची परवानगी आणि सोबत स्पीच थेरपिस्ट हवेच.

लिफ्ट लावून आणि काढून, एकाच बैठकीत, तेच शब्द तेवढ्याच आवाजात घ्या. आणि फक्त ‘प’ बघू नका, ‘म’चा फ्लोही बघा. स्प्रिंगचा जोर जास्त झाला तर ‘प’ सुंदर येतो पण ‘म’ला नाकाची वाट बंदच राहते, ‘म’चा ‘ब’ ऐकू येतो आणि नाकाने श्वास घ्यायलाही त्रास होतो, तेव्हा स्प्रिंग एक-दोन मिलिमीटर खाली वाकवा किंवा तारेची मोकळी लांबी वाढवा आणि पुन्हा दोन्ही मोजा.