नाव खोडलं म्हणजे ओळख झाकली, असं नाही

बेटा,

अनेक आशीर्वाद. अत्याचारपीडितांच्या अर्थसहाय्याच्या प्रकरणांची यादी कुणीतरी माहिती अधिकारात मागितली आहे आणि तू दोन दिवस ती फाईल पुढ्यात घेऊन बसला आहेस. दिली तर पोरीबाळींची नावं गावभर, नाकारली तर अपिलात उत्तर नाही. साहेब म्हणतात, आठ-एक-जे, म्हणजे खासगी माहिती नाकारण्याचं कलम ८(१)(जे), लाव आणि मोकळा हो. असा मोकळा होऊ नकोस. माणूस झाक, कारभार उघडा ठेव.

अर्ज पुन्हा वाच. किती प्रकरणं आली, कधी आली, मंजुरी कधी मिळाली, पैसे खात्यात कधी पडले, कशासाठी अडले. यात त्या पीडितेचं खासगी काय आहे? हा सगळा आपला उशीर आहे. आपला उशीर तिच्या पदराआड लपवायचा आणि वर त्याला गोपनीयता म्हणायचं, हे मला सहन होत नाही. अर्जदाराला 'कशाला हवंय' हेही विचारायचं नाही, कलम ६(२) तुला तशी मुभा देत नाही.

२००५ च्या माहिती अधिकार कायद्यातलं कलम १० याच कामासाठी आहे. न देण्याजोगा भाग वेगळा काढायचा, उरलेला द्यायचा. उत्तरात लिहायचं की माहिती अंशतः देत आहोत, कोणता भाग वगळला, कोणत्या कलमाखाली, निर्णय कुणाचा, फी किती आणि अपील कुणाकडे. हे मुद्दे नसले की चांगलं उत्तरही अपिलात पडतं.

आता खोडण्याबद्दल. नाव खोडलं की काम झालं, असं आम्ही वर्षानुवर्षं मानलं. बाकीची ओळ जशीच्या तशी देत गेलो. पुढे त्या घरात काय झालं हे विचारायला आमच्यातलं कुणी गेलं नाही. म्हणून आज मी या बाबतीत एक अक्षर सोडत नाही, मग कुणी हटवादी म्हणो.

आपल्याकडे नाव विचारतंच कोण? ओट्यावर पहिला प्रश्न असतो, "कोनी पोर शे?" म्हणजे कुणाची मुलगी आहे? तुझ्या तक्त्यात नाव काळं आहे, पण वय १४, इयत्ता आठवी, पाड्याचं नाव, घटनेची तारीख, आरोपीचं नातं चुलता हे सगळं शाबूत आहे. धडगावकडच्या वीस-पंचवीस घरांच्या पाड्यात हे वाचून पोर ओळखायला कुणाला किती वेळ लागेल? पोक्सोच्या, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या, कलम ३३(७) चं स्पष्टीकरण काढून वाच. मुलाची ओळख म्हणजे कुटुंब, शाळा, नातेवाईक, शेजार आणि जिच्यावरून ओळख पटेल अशी कुठलीही माहिती. आरोपी घरातला असेल तर त्याचं नाव म्हणजे तिचंच नाव. गु.र.नं. (गुन्हा रजिस्टर नंबर) आणि पोलीस ठाणंही देऊ नकोस, त्या धाग्यावरून बाकीचं सापडतं. साधे अनुक्रमांक घाल. गाव काढून तालुका ठेव. तालुक्यात एकदोनच प्रकरणं असतील तर तालुकाही काढ, फक्त जिल्हा ठेव. तारखा मात्र ठेव: अर्जाची, मंजुरीची, पैसे पडल्याची. घटनेची नाही.

हाताने खोडत असशील तर मूळ कागदाला मार्कर लावू नकोस. झेरॉक्स काढ, तिच्यावर काळं कर, मग तिची पुन्हा झेरॉक्स काढून ती दे. पहिली प्रत उजेडात धरली की खालची अक्षरं वाचता येतात. कॉम्प्युटरवर काळा चौकोन ठेवून पीडीएफ पाठवली तर खालचा मजकूर कॉपी होऊन बाहेर येतो. प्रिंट काढ, तपास, ती स्कॅन कर. फाईलच्या नावात आणि जावक नोंदवहीच्या विषयात तिचं नाव राहिलं की वरची सगळी मेहनत वाया गेली.

कलम ११ ची नोटीस हा दुसरा घोळ. त्रयस्थ पक्षाला, म्हणजे अर्जदार सोडून ज्याची माहिती मागितली त्याला, पाच दिवसांत नोटीस, त्याला म्हणणं मांडायला दहा दिवस, निर्णय चाळीस दिवसांत. पाठ झालंय म्हणून लोक पोस्टाने तिच्या गावी पाकीट धाडतात. सरकारी पाकीट कुणाकडे आलं हे खेड्यात पोस्टमनच्या आधी पोहोचतं. तिची माहिती तू देणारच नसशील तर विचारायचं कशाला? आधी वेगळं कर, मग नोटिशीची गरजच उरत नाही.

साहेबांनी फारच धरलं तर सांग: २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्याने आठ-एक-जे बदललं हे खरं, त्यातलं जनहिताचं पोटवाक्य गेलं. पण जनहित मोठं असेल तर माहिती देऊ देणारं कलम ८(२) जागेवर आहे आणि कलम १० ही. 'तपास चालू आहे' एवढंच कारणही चालत नाही, माहितीने तपासाला अडथळा कसा येतो ते लिहावं लागतं.

आणि कुणी म्हणालं, पोर तर गेली, आता काय लपवायचं, तर त्याला निपुण सक्सेना प्रकरणातला ११ डिसेंबर २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल दाखव. मृत्यूनंतरही ओळख उघड करता येत नाही, नातेवाइकांची संमती असली तरी सत्र न्यायाधीशांच्या परवानगीशिवाय नाही. ओळख उघड करण्याच्या गुन्ह्याचं भारतीय दंड संहितेतलं पूर्वीचं कलम २२८-अ आता भारतीय न्याय संहितेत कलम ७२ आहे, शिक्षा दोन वर्षांपर्यंत.

पीडितेने स्वतः तिची फाईल मागितली तर मात्र हे सगळं उलटं. ती त्रयस्थ नाही. तिच्याच कागदावर तिचं नाव काळं करून देणारे लोक मी पाहिलेत.

अर्ज कधी आला ते तू लिहिलं नाहीस. आवक शिक्का बघ, तीस दिवस तिथून मोजायचे. तक्ता तयार झाला की पाठवण्याआधी त्या तालुक्यातल्या एखाद्या शिपायाला वाचायला देऊ नकोस; तू स्वतः वाच, आणि प्रत्येक ओळीला विचार, कोनी पोर शे.