दोन मशीनचं जुळतं म्हणजे काय?

प्रश्न : गुहागरजवळ माझी छोटी लॅब आहे. मे महिन्यात नवा ग्लुकोमीटर घेतला. 40 पेशंटची साखर त्यावर आणि लॅबच्या मशीनवर तपासली. सहसंबंध गुणक 0.99 आला. विक्रेता म्हणतो, आता बिनधास्त वापरा. वापरू का?

उत्तर : बिनधास्त नको. तुम्ही 40 जणांचे आकडे वहीत उतरवलेत, याचं मला फार कौतुक वाटलं. पण 0.99 एवढंच सांगतो की लॅबमध्ये साखर वाढली की मीटरवरही वाढते. मीटरने प्रत्येकाला आणखी 30 जास्त दाखवले असते, तरी गुणक 0.99च राहिला असता.

बघायचा तो फरक. पत्रातल्या पहिल्या पाच जोड्या घेतल्या. लॅब 96, मीटर 108. मग 124 ला 131, 158 ला 172, 205 ला 214, 262 ला 280. फरक 12, 7, 14, 9, 18, सरासरी 12. म्हणजे मीटर चढाच दाखवतो. प्रमाण विचलन, म्हणजे फरक सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप, 4.3. त्याची 1.96 पट सरासरीत मिळवा, सरासरीतून वजा करा : साधारण 4 ते 20. शंभरातल्या 95 जणांचा फरक या पट्ट्यात असावा. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी 1986 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलेली रीत हीच. पाचांवर भिस्त ठेवू नका, चाळीसही फरक काढा.

हा पट्टा चालेल का, ते मात्र पेशंटकडे बघून ठरवायचं. 250 ऐवजी 265 दिसले तर फारसं बिघडत नाही. खाली बिघडतं. मी नोकरीत असताना हर्णैची एक मासेवाली आली, गोळी घेऊन न जेवताच लिलावाला उभी राहिलेली, घामाने निथळत. मीटरवर 78. आम्ही तिला बाकावर बसवून ठेवलं. नसेच्या रक्ताचा रिपोर्ट आला, 58. साखरपाणी अर्धा तास आधीच द्यायला हवं होतं. ती सावरली, पण तो अर्धा तास मला अजून आठवतो.

आणि मे महिना म्हणालात म्हणून विचारते : आंबा भरणाऱ्या बायकांचे हात साबणाने धुवून घेतले होतेत ना? बोटाला रस राहिला तर मीटर साखर जास्त दाखवतो. नसेचं रक्त फ्लोराइडच्या ट्यूबमध्येच घेतलंत ना? साध्या ट्यूबमध्ये ताटकळलं तर पेशी साखर खातात, लॅबचा आकडा उतरतो आणि दोष मीटरवर येतो. स्ट्रिपच्या डबीचं झाकण आपल्याकडच्या दमट हवेत क्षणभरही उघडं नको. दोन्ही नमुने उपाशीपोटी, पाच मिनिटांच्या आत घ्या, आणि नवे 40 फरक मला पाठवा.