पेट्या, वही आणि भोपळा

प्रश्न : जपाननं चीनवर हल्ला केला तेव्हा कॉलेजातली मुलं जुन्या दंतकथांचे ग्रंथ पाठीवर घेऊन हजार मैल चालत गेली, असं माझी नात सांगते. तिनं कुठल्याशा कादंबरीत वाचलंय. खरं की बनवलेलं?
– एक आजोबा, नाशिक

नातीला सांगा, निम्मं खरं आहे. मुलं चालली हे खरं, ती गोष्ट शेवटच्या प्रश्नात येईल. ग्रंथ बचावले हेही खरं. पण ते मुलांच्या पाठीवर नव्हते. त्या ग्रंथांच्या सुमारे १४० लाकडी पेट्या होत्या आणि ज्यानं ग्रंथांनी भरलेली एक पेटी तरी जिन्यावरून उतरवलीय, त्याला पाठीवरचं ओझं म्हणजे काय ते सांगायला नको. मी चौतीस वर्षं वाचनालयात काढली, माझी कंबर साक्ष आहे.

ते ग्रंथ होते हांगझोऊच्या प्रांतिक ग्रंथालयात. अठराव्या शतकात छ्येनलोंग बादशहानं देशभरातले साडेतीन हजारांच्या आसपास ग्रंथ जमवून हातानं उतरवून घेतले. ‘सिखू छुआनशू’ हे त्या संग्रहाचं नाव. त्याच्या सात प्रती केल्या, त्यांतली एक हांगझोऊची. एकेका प्रतीत छत्तीस हजारांच्या घरात खंड. (हाच बादशहा त्याच धामधुमीत नावडते ग्रंथ जाळतही होता. त्याला ग्रंथप्रेमी म्हणताना माझी जीभ जरा अडखळते.) त्यात इतिहास आहे, धर्म आहे, कविता आहे आणि एका कोपऱ्यात नातीच्या कामाचंही आहे. ‘शान हाय चिंग’ म्हणजे डोंगर आणि समुद्रांचा ग्रंथ. त्यात नऊ शेपट्यांचा कोल्हा भेटतो. समुद्रात बुडून मेलेली एक राजकन्या पक्षी होऊन चोचीनं काड्या-खडे आणते आणि तो समुद्र बुजवायला बघते, तीही त्यातलीच. दुसरा ‘सोउ शन ची’, चौथ्या शतकातला, भुताखेतांचा आणि नवलांचा. त्यातली एक गोष्ट तर आपल्या बकासुराची मावसबहीणच. डोंगरातल्या अजगराला दरवर्षी एक मुलगी द्यायची. नऊ मुली गेल्या. दहाव्या वर्षी सहा मुलींच्या घरातली धाकटी ली ची म्हणाली, मी जाते. तिनं तलवार घेतली, एक कुत्रा घेतला आणि गुहेच्या तोंडाशी मध घातलेले भाताचे लाडू मांडून ठेवले. अजगर लाडवांवर तुटून पडला, कुत्र्यानं लचका तोडला, हिनं मागून घाव घातले. मग आत जाऊन तिनं नऊ कवट्या बाहेर आणल्या आणि त्यांनाच बोलली, तुम्ही भित्र्या होतात म्हणून खाल्ल्या गेलात. आमचा भीम निदान गाडाभर अन्न स्वतः खाऊन मगच लढला. ही पोरगी हिशेबी.

चहाच्या दुकानात कथेकरी रंगवून सांगत त्या बोलीभाषेतल्या लांबलचक कादंबऱ्यांना मात्र बादशहाच्या पंडितांनी दारातूनच परत पाठवलं होतं. 

हांगझोऊची प्रत एकदा आधीच मरता मरता वाचली होती. १८६१ साली बादशाही सत्तेविरुद्ध उठलेल्या ताइपिंग बंडवाल्यांनी शहर घेतलं, ग्रंथ ठेवलेली इमारत कोसळली, खंड विखुरले. तिंग आडनावाचे दोन भाऊ शहराबाहेरच्या बाजारात खायचं काही घ्यायला गेले, तर पुडीचा कागद ओळखीचा निघाला. आपण भेळ संपल्यावर कागद वाचतो ना, तसा त्यांनी वाचला आणि त्यांच्या लक्षात आलं की बादशाही संग्रह दुकानदाराच्या रद्दीत आलाय. मग माणसं लावून, पैसे मोजून त्यांनी आठ हजारांहून जास्त खंड परत मिळवले. म्हणजे पावच हिस्सा. उरलेले पुढे दुसरीकडच्या प्रतींवरून लिहून काढले आणि हे काम विसाव्या शतकापर्यंत चाललं.

१९३७च्या ऑगस्टमध्ये शांघायला लढाई पेटली. शांघाय ते हांगझोऊ अंतर साधारण मुंबई-पुण्याइतकं. ग्रंथालयाचे संचालक छन श्यून-त्स यांनी ती पेटायची वाट न बघता आधीच पेट्या नावेत चढवल्या आणि नदीनं वर फूयांगला नेल्या. पैसे मिळेनात, तेव्हा उसनवारी केली. पुढच्या प्रवासात पेट्या हलवायला हांगझोऊचंच झेजियांग विद्यापीठ मदतीला आलं. तेही त्याच वाटेनं पळत होतं. डिसेंबरात हांगझोऊ पडलं तेव्हा ग्रंथ आणि मुलं दोन्ही डोंगराआड होती.

वाटेत एक ट्रक उलटला आणि काही पेट्या पाण्यात गेल्या. हे वाचलं तेव्हा मला आमचा २०१९चा पूर आठवला. खालच्या फळ्यांवरचे दिवाळी अंक फुगून विटेसारखे झाले होते. गुळगुळीत कागदाची पानं एकदा चिकटली की सोडवता येत नाहीत, चित्रासकट सोलून निघतात. त्या चिनी खंडांचा कागद हातानं केलेला, बांधणी दोऱ्याची. असा कागद ओला झाला तरी धीर धरून पान पान सुटं करता येतं. त्यांनी ते वाळवलं. नंतर नैऋत्येकडच्या ग्वीझोऊ प्रांतात, ग्वीयांग शहराजवळच्या तीमू नावाच्या गुहेत पेट्या ठेवल्या. बॉम्बपासून गुहा उत्तम, पण ओल भयंकर. म्हणून दरवर्षी पावसाळी दिवस सरले की सगळं बाहेर काढून उन्हं दाखवायची. आपण पापड-कुरडया घालतो तसं, फक्त इथे कावळ्यांऐवजी विमानांवर लक्ष.

प्रश्न : माणसं किडामुंगीसारखी मरत असताना कागद जपत बसणं, हा शिकलेल्यांचा चोचला वाटत नाही का तुम्हाला?
– एक वाचक, लातूर

तुमचा राग कळतो. मलाही हा प्रश्न पडलेला आहे, त्यामुळे तुम्हाला गप्प करील असं उत्तर माझ्याकडे नाही. काय घडलं तेवढं सांगते.

झेजियांग विद्यापीठाचे कुलगुरू झू कझेन हवामानशास्त्रज्ञ होते, हार्वर्डहून डॉक्टरेट घेऊन आलेले. विद्यापीठ पळत पळत १९३८ साली च्यांगशी प्रांतातल्या ताइहला थांबलं. तिथे त्या उन्हाळ्यात झू यांची बायको आणि एक मुलगा काही दिवसांच्या अंतरानं हगवणीनं गेले. हा माणूस पुढेही ग्रंथांच्या पेट्या कुठवर पोचल्या याची चौकशी करत राहिला. याला चोचला म्हणायला माझं मन घेत नाही, पण तुम्ही म्हणालात तर भांडणारही नाही.

आणि एक. ताइहला गान नदीचा पूर दर पावसाळ्यात शेतं खायचा. पाहुणे म्हणून आलेल्या या मास्तर-मुलांनी मोजणी केली आणि नदीला बांध घालून घेतला. गावच्या पोरांसाठी शाळा काढली, निर्वासितांसाठी शेती उभी केली. मग पुन्हा बोचकी बांधली. पुढचा मुक्काम क्वांगशी प्रांतातलं यीशान. तिथे हिवतापानं मुलं आडवी झाली आणि ५ फेब्रुवारी १९३९ला विद्यापीठावर शंभरावर बॉम्ब पडले. त्याच्या आदल्याच दिवशी ग्वीयांग शहर बॉम्बनी भाजून निघालं होतं. पेट्या गुहेत गेल्या त्या या बॉम्बहल्ल्यानंतर. त्यात पुस्तकी हौस फारशी नव्हती, डोळ्यांदेखत जळालेलं शहर होतं.

(कुणी विचारण्याआधीच सांगते : हो, सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस चीनला गेले ते याच युद्धात, १९३८ साली, भारतातून गेलेल्या वैद्यकीय पथकाबरोबर. पण ते उत्तरेकडे येनानला गेले आणि पुढे तिकडच्या आघाडीवर काम केलं. या गोष्टीशी त्यांची वाट जुळत नाही, उगाच जुळवू नका.)

प्रश्न : लोककथा ग्रंथात कुठे असतात हो? त्या बायाबापड्यांच्या तोंडी असतात. त्या कुणी वाचवल्या?
– एक निवृत्त शिक्षिका, जळगाव

बाई, या प्रश्नाचीच वाट बघत होते.

तुम्ही म्हणता ते काम दुसऱ्या एका तांड्यानं केलं. पेकिंग, छिंगह्वा आणि नानकाई ही उत्तरेची तीन विद्यापीठं. नानकाई तर जुलै १९३७मध्ये जपान्यांनी बॉम्ब टाकून बेचिराख केलेलं. तिघं मिळून छांगशाला एकत्र आली, तिथेही विमानं यायला लागली, तेव्हा ठरलं की पार नैऋत्येला खुनमिंगला जायचं. बरेचजण हाँगकाँगवरून बोटीनं आणि मग आगगाडीनं गेले. मुलीही तिकडूनच, त्यांना चालायची परवानगी नव्हती. (यावर माझं मत छापण्याजोगं नाही.) उरलेली तीनशेच्या आसपास मुलं अकरा प्राध्यापकांना घेऊन २० फेब्रुवारी १९३८ला पायी निघाली आणि ६८ दिवसांनी, २८ एप्रिलला पोचली. पायात गवती चपला, काखेत तेलकट कागदाची छत्री.

त्यांच्यात ल्यू जाओची नावाचा एक विद्यार्थी होता. त्यानं चालता चालता रस्त्यात भेटेल त्याच्याकडून गाणी लिहून घ्यायला सुरुवात केली. विचार करा, लष्करी रंगाच्या कपड्यातला परका पोरगा, कानाला न कळणारी बोली आणि तो शेतकऱ्याला म्हणतो, गाणं म्हणा. आपल्याकडे एखाद्या आजीला ‘ओवी म्हणा’ म्हटलं तर ती आधी पदर तोंडाला लावते. यानं चिकाटीनं दोन हजारांवर गाणी जमवली. बहुतेक प्रेमाची आणि त्यातली काही चांगली धीट. थोडी लहान पोरांची, थोडी युद्धावरची.

सोबत चालणाऱ्या प्राध्यापकांत कवी वन यीदुओ होते. जपान हरेपर्यंत दाढी करणार नाही, असं म्हणून त्यांनी दाढी वाढवलेली. ते वाटेत चित्रं काढायचे आणि ल्यूच्या वहीत डोकवायचे. तोवर ते जुन्या ग्रंथांतले माणूस होते. पुढे खुनमिंगला त्यांनी म्याव, याव वगैरे डोंगरी लोकांच्या महापुराच्या चाळीसहून जास्त कथा शेजारी शेजारी मांडून पाहिल्या. जग बुडतं, एक भाऊ आणि एक बहीण तेवढी उरतात आणि बऱ्याच कथांत ती उरतात कशात, तर भोपळ्यात! ग्रंथांतली फूशी-न्यूवा ही आद्य जोडी म्हणजे हीच भावंडं, आणि त्या दोघांच्या नावातही भोपळाच दडलाय, असा त्यांचा तर्क. म्हणजे बादशाही कपाटातल्या देवांचा धागा डोंगरातल्या निरक्षर म्हातारीपर्यंत जातो. तर्क सगळ्यांना पटलेला नाही, मला पटतो. कृष्णाकाठी आम्ही पाठीला सुका भोपळा बांधूनच पोहायला शिकलो. पुरात माणूस भोपळ्यानं तरतो, यात मला काही नवल वाटत नाही. ‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’वाली आपली म्हातारीही भोपळ्यातच वाचली की!

नाशिकच्या आजोबांनी पुढे काय झालं तेही विचारलंय. १९४४मध्ये जपानी सैन्य ग्वीझोऊकडे सरकलं तेव्हा पेट्या गुहेतून छोंगछिंगजवळ हलवल्या. १९४६च्या उन्हाळ्यात त्या हांगझोऊला परत आल्या, अजून तिथेच आहेत. विद्यापीठही त्याच वर्षी घरी परतलं. ल्यूच्या वहीतली ७७१ गाणी निवडून त्याच वर्षी पुस्तक निघालं, त्याला वन यीदुओंची प्रस्तावना आहे. दाढी त्यांनी आधल्या वर्षी, जपान हरल्यावर उतरवली होती. १५ जुलै १९४६ला खुनमिंगच्या रस्त्यावर त्यांना गोळ्या घातल्या. जपान्यांनी नव्हे, त्यांच्याच देशातल्या सरकारच्या माणसांनी.