मॅडम, रूम आवरायलासुद्धा होत नाही

"मॅडम, मी आळशी झालोय का?" मी समुपदेशन करते, आणि हा प्रश्न माझ्याकडे महिन्यातून दोन-तीनदा तरी येतो. विचारणारी बहुतेक पोरं-पोरी पुण्यात सदाशिव पेठ, नवी पेठ, शास्त्री रोड या पट्ट्यात राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करणारी असतात. अभ्यासिकेत दहा-बारा तास बसतो पण रूमवर आलं की काहीच होत नाही, कपडे तीन दिवस बादलीत भिजत पडलेत, मेसचा डबा धुतला नाही म्हणून झाकण उघडायची भीती वाटते, असं सगळं. आणि घरच्यांचं एकच, शिस्त नाही पोराला.

त्यातल्या एका पोराचं सांगते. त्याला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असं काही ठेवलेलं नाही. परभणीकडचा, वय २६, राज्यसेवेचा तिसरा अटेम्प्ट, कॉट बेसिसवर, म्हणजे भाडं एका कॉटपुरतं, तिघांत एक खोली. तो माझ्याकडे आला त्याच्या आईमुळे. म्हणजे आईने पाठवला नाही, झालं असं की आई दवाखान्याच्या कामासाठी पुण्याला आली आणि म्हणाली तुझी खोली तरी बघते, तर याने सांगितलं रूममधे पेस्ट कंट्रोल चाललंय, वाकडेवाडीच्या एसटी स्टँडवरच तिला चहा पाजला आणि परत गाडीत बसवून दिलं. तिने आणलेली धपाट्याची पिशवी घेऊन रूमवर आला तर ती ठेवायला जागा नव्हती. हे सांगताना रडला. तेवढा एकदाच रडला.

मी विचारलं झोपतोस कसा? तर म्हणे कॉटच्या भिंतीकडच्या अर्ध्या भागावर पुस्तकं, टेस्ट सिरीजचे पेपर, चार्जर, ओला टॉवेल, आणि उरलेल्या अर्ध्यात पाय पोटाशी घेऊन झोपतो. पाच महिने झाले.

इथे मी एक चूक केली ती सांगून टाकते. पहिल्याच सेशनला मी त्याला म्हटलं रविवारी तीन तास काढ आणि सगळी खोली एकदम आवरून टाक, बरं वाटेल. अगदी मावशी-आत्या देतात तसला सल्ला. पुढच्या आठवड्यात हा आलाच नाही. त्याच्या पुढच्या आठवड्यात आला तेव्हा कळलं की रविवारी तो सकाळी नऊला ढिगाच्या समोर बसला, एक पेपर उचलला, वाचत बसला, मग दुसरा, दुपारी तिथेच झोपला, आणि संध्याकाळी "आवरणंसुद्धा जमत नाही तर पोस्ट काय काढणार" असं डोक्यात सुरू झालं ते थांबेना. म्हणजे मी मदत करायला गेले आणि त्याच्या नापासांच्या यादीत अजून एक वाढवून दिलं.

मग नीट बसलो. नैराश्य तपासायची नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली असते, पीएचक्यू-९ म्हणतात, मागच्या दोन आठवड्यात किती दिवस असं वाटलं ते विचारते, एकूण २७ पैकी स्कोअर येतो. याचा ११ आला. दहाच्या पुढे गेलं की मी एकटीच्या भरवशावर ठेवत नाही, डॉक्टरांकडे एकदा पाठवते. जीव नकोसा होण्याचा जो शेवटचा प्रश्न आहे त्याला त्याचं उत्तर शून्य होतं, तरी मी दोनदा विचारलं. डॉक्टरांनी गोळ्या लगेच सुरू केल्या नाहीत, तीन आठवड्यांनी बघू म्हणाले. (तुमच्यापैकी कुणाला आत्ता कुणाशी बोलायचं असेल तर १४४१६ हा सरकारी टेली-मानसचा नंबर आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात.)

आता पसाऱ्याचं. मूड आला की आवरू असं आपल्याला वाटतं, पण मन खाली गेलेलं असताना मूड येतच नाही, म्हणून आम्ही उलटीकडून सुरुवात करतो, आधी अगदी बारीकशी कृती आणि मूड मागून आला तर आला. त्याला म्हटलं खोलीचं सोड, फक्त कॉट. कॉटवर झोपणारा माणूस आणि पांघरूण, बाकी काही नाही, वाचणंसुद्धा नाही. झोपेच्या उपचारातसुद्धा हेच सांगतात, अंथरूण फक्त झोपायला. पुस्तकं उचलून कुठे ठेवू? खाली जमिनीवर ठेव, पसारा राहू दे. हे ऐकून तो हसला, मला वाटतं पहिल्यांदाच.

पाचव्या दिवशी मेसेज, "पाय सरळ करून झोपलो." बास, एवढंच.

रूममेट्सचं फार लांबवत नाही. ते चिडलेले होते पण वाईट नव्हते, झाडू मारायचे वार ठरले आणि डबा रात्रीच विसळायचा ठरलं, दोन वेळा मोडलं, परत ठरलं.

खरी गाठ कॉटच्या खाली होती. मी विचारलं खाली काय आहे, तर बराच वेळ गप्प, मग म्हणाला नोट्स. सगळ्या जुन्या पॅटर्नच्या. मुख्य परीक्षा आधी पर्यायवाली असायची, आता वर्णनात्मक झाली, नऊ पेपर. २०२३ साली पुण्यात पोरं रस्त्यावर बसली आणि लोकसेवा आयोगाने हा नवा पॅटर्न २०२५ पर्यंत पुढे ढकलला, त्या आंदोलनात हा पण होता. तर त्या वहीगठ्ठ्यातलं अर्धं आता उपयोगाचं नाही हे त्याला माहीत होतं. मी म्हटलं मग? तर म्हणाला, "मॅडम, ती रद्दीत दिली की माझी तीन वर्षं रद्दीत गेली ना."

मला काही सुचलं नाही खरंतर. मी पाणी दिलं त्याला. ज्याला सगळे आळस म्हणत होते, तो स्वतःसुद्धा, ते हे होतं. उगाच "जुनं टाका, नवं येतं" टाईप काही बोलले असते तर परत दोन आठवडे गायब झाला असता.

मग ठरलं की टाकायचं नाही, आधी फक्त बघायचं. रोज एक वही, दहा मिनिटं, मोबाईलवर टायमर लावून. इतिहासाची, भूगोलाची बरीचशी ठेवण्यासारखी निघाली, तीच वाचून आता उत्तरं लिहायची. एका वहीत मागच्या पानावर त्याने पहिल्या वर्षीचा मेसचा हिशोब लिहिलेला होता, ती पण ठेवली, मी काही बोलले नाही. बाकीचं एका शनिवारी रूममेटच्या गाडीवरून रद्दीवाल्याकडे. २३ किलो, १४ रुपये भाव, ३२२ रुपये. तिघांनी मिसळ खाल्ली आणि वरचे पैसे याने घातले.

तीन महिन्यांनी स्कोअर ५ होता. खोली काही फोटो काढण्यासारखी झाली नाहीये, दोरीवर कपडे लटकलेलेच असतात. आई मात्र परत आली आणि या वेळी रूमवर गेली. त्याने मला फोन करून सांगितलं की आईने कॉट बघितली नाही, टेबल बघितलं नाही, सरळ वाकून कॉटच्या खाली बघितलं आणि म्हणाली, "अरं, इथं तर ज्वारीचा कट्टा मावतो की."

पुढच्या एसटीने कट्टा आला पण.